मोबाइलमधल्या पाहुणीचं ताट

मूर्तिजापुरात साक्षात देव जरी पाहुणा म्हणून आला असता, तरी आमच्या चुलत सासऱ्यांनी त्याला आग्रह करकरून आडवा केला असता. या मामाजींच्या दारातून उपाशी परतलेला माणूस कोणी पाहिला नाही. टपाल आणणाऱ्यालाही ते आधी पिठलं-भाकर चारत आणि मग पत्र हातात घेत. मामी गेल्या, बोंडअळीनं सलग दोन वर्षं कापूस खाल्ला, लेक पुण्याला कंपनीत लागला. तरी आग्रह काही सुटला नाही.

लेकानं त्यांच्या मोबाइलवर म्हातारपणी तब्येत सांभाळणारं एक अ‍ॅप घालून दिलं. त्यावर अ‍ॅपवाल्यांची पुण्याची एक पोरगी रोज दुपारी व्हिडिओ कॉलवर दिसायची आणि विचारायची. किती चाललात, गोळी घेतली का, ताटाचा फोटो पाठवा काका. मामाजी स्टेशनपर्यंत चालून येत आणि वाटेत कोणकोण भेटलं त्याचीही तिला खबर देत. पंचाईत झाली ती ताटाची. जेवणाच्या वेळी घरी आलेली लेक, मोबाइलमध्ये का असेना, नुसती पाहत कशी बसेल? मामाजी तिच्यासाठी वेगळं ताट वाढू लागले. वरण-भात, वर तुपाची धार, गुळाचा खडा. फोटो त्याच ताटाचा जाई आणि मग ताट गल्लीतल्या गाईपुढे.

पोरगी बिचारी धास्तावली. म्हणाली, "काका, तूप बंद, भात अर्धा." मामाजींनी मुकाट्यानं ऐकलं, पण कमी केलं ते स्वतःच्या ताटातलं. मी हसून म्हटलं, मामाजी, तिच्या ताटातलं कमी करा ना. तर माझ्यावरच उखडले. "पाहुणीच्या ताटातलं कमी करू? काही लाज वाटते का तुमाले, जावाईबापू?"

दिवाळीनंतर एक दिवस ते चालता चालता रस्त्यातच बसले. अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्या बरगड्या पाहिल्या आणि मला विचारलं, "हे खातात काय?" मी शेजारी राहणारा, मी मामाजींकडे पाहिलं. मामाजीच हळूच बोलले, "अर्धी भाकर अन् तिखट. दोघाइले पुरत नव्हतं न बाप्पा."

मी त्या पोरीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रोज विचारायचे हो मला, तू जेवली का. मला वाटायचं, गंमत करतात."

चौथ्या दिवशी मामाजी गेले. ती पोरगी अजूनही कधीमधी फोन करते आणि चूक माझीच ना, असं विचारते. मी नाही म्हणतो. ती बिचारी पुण्यात होती. मी भिंतीपलीकडे होतो, आणि त्या पाहुणीच्या ताटाचा किस्सा शाळेत मधल्या सुट्टीत सोबतच्या सगळ्या मास्तरांना रंगवून सांगत होतो.