व्याह्यांच्या गाडीचं हँडल

पालमच्या बाजारगल्लीत नर्मदाबाई कुठं राहतात म्हणून विचाराल, तर लोक डोकं खाजवतील. "घागरवाल्या काकू" म्हणा, शेंबडं पोरगंही दारापर्यंत आणून सोडेल. घागरी विकत नाहीत हं त्या, जोडतात. प्लास्टिकची घागर, टब, बादली, काय वाट्टेल ते. लोखंडी उलथणं लाल तापवायचं, चिरेच्या दोन्ही कडा वितळवून एकजीव करायच्या. मग पाण्याची काय बिशाद, थेंबभर बाहेर येईल! लग्न होऊन पिंगळीहून आल्या त्या साली नळाला बाराव्या दिवशी पाणी यायचं, घरात घागरी दोनच, आणि त्यातली एक यांच्याच हातून फुटली. सासूला कळायच्या आत जोडली. तेव्हापासून हात बसला तो बसला. नवरा, किशनराव, मात्र या कामाला "भंगाराचा कारखाना" म्हणायचे आणि पाहुण्यांसमोर त्याचं नावही काढू द्यायचे नाहीत.

यंदा धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी येणारा हा महिना, जावयाला बोलावून पुरणाची दिंडं खाऊ घालायचा. लेक अपेक्षा आणि जावई शंतनु वालूरहून आले, तेही चारचाकीतून. गाडी शंतनुच्या वडिलांची, मार्तंडरावांची. रिटायर हेडमास्तर, करडा माणूस. दोन वर्षं झाली तरी सीटवरचं प्लास्टिक काढू दिलं नव्हतं! किल्ली देताना एवढंच म्हणाले होते, "सूनबाई, तुझ्या माहेरासाठी देतोय. नेली तशी आणायची."

जेवणं झाल्यावर किशनरावांना गाडीतून मारुतीच्या दर्शनाला जायची हौस आली. पुढच्या सीटवर ऐटीत बसले आणि दार ओढलं. आता तुम्हीच सांगा, ज्याचा उभा जन्म काळीपिवळी जीपमध्ये गेला, त्याला दार हळू लावायचं कसं ठाऊक असणार? तिथं अंग टाकून ओढलं नाही तर दार भर रस्त्यात उघडतं. यांनी तस्संच ओढलं. कडाक! दार लागलं, पण आतलं हँडल हातात आलं.

अपेक्षा पांढरीफटक पडली. "आई, मेले गं मी! 'तुझ्या माहेरच्यांनी मोडली' म्हणून सासरी जन्मभर ऐकावं लागंल मला."

शंतनु बिचारा भला माणूस. "राहू द्या मामा," म्हणाला आणि परभणीच्या एका गॅरेजला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की हे जोडत नसतं, दाराचं आतलं अख्खं पॅनल मागवावं लागेल, आठ दिवस तरी लागतील. आणि यांना सकाळी निघायचं होतं.

"द्या इकडं," नर्मदाबाई म्हणाल्या.

"अगं, ती काय घागर हाय का?" किशनराव खेकसले. "जावयापुढं इज्जत घालवायलीस."

"इज्जत तुमी घालवलीत. मी परत आणायलेय. सरका."

हँडलच्या पाठीमागच्या तीन खुंट्या मोडल्या होत्या. नर्मदाबाईंनी सवयीनं घागरीचा तुकडा वितळवून लावला. थंड झाला आणि टपकन निखळला. किशनराव खाकरले. बाईंनी वरही पाहिलं नाही. प्लास्टिकलाही जात असते, जातीला जातच धरते. परसात मोडकी खुर्ची होती, तिच्या हाताचा तुकडा कापून लावून पाहिला. धरलं! मग वीजवायरीतली तांब्याची तार तापवून पाठीमागून टाक्यासारखी आत दाबली. हे काम लय नाजूक. समोरचं प्लास्टिक पातळ. उलथणं जरा जास्त टेकलं असतं तर दर्शनी बाजूला फोड आला असता. म्हणून खाली ओलं फडकं. तासभर बाई मान मोडून बसल्या. शेवटी शिलाई मशीनच्या पेचकसानं स्क्रू आवळून हँडल दाराला बसवलं, स्वतः सीटवर बसल्या आणि दार काळीपिवळीसारखं तीनदा दाणदाण ओढलं. अपेक्षानं तिन्ही वेळा डोळे मिटले. हँडल जागचं हललं नाही.

"झ्याक!" किशनराव म्हणाले. "आता गुमान बसा सगळे. व्याह्यांना कळायची गरज न्हाई."

"का म्हणून? लपवलं तर चोरी ठरंल. लाव गं फोन."

अपेक्षानं व्हिडिओ कॉल लावला, शंतनुनं सगळं सांगून कॅमेरा हँडलवर धरला. मार्तंडरावांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाईल नाकाला लावला. "तुटलं कुठं होतं?"

"तेच शोधा, बाबा."

बराच वेळ शोधलं त्यांनी. सापडलं नाही. मग आवाज हेडमास्तरांचा झाला. "ते ठीक आहे. पण तोडलं कुणी?"

अपेक्षानं मान खाली घातली. किशनराव स्वतःच्या चपला बघू लागले. नर्मदाबाईंनी जावयाच्या हातातून फोन घेतला, पदर सारखा केला आणि सरळ पडद्यात बघून म्हणाल्या,

"व्याहीबुवा, तोडणारं कुणी का असंना, आमच्या घरचं आमी बघून घेऊ. पोरीकडं बोट न्हाई दाखवायचं. अन् जोडलंय मी. परभणीच्या गॅरेजवाल्याला न्हाई जमलं, ते मी केलंय."

तिकडं मार्तंडरावांचा चष्मा खाली आला.

इतक्यात बायकोच्या खांद्यावरून किशनरावांनी मान पुढं काढली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले,

"तोडलं मी, व्याहीबुवा! अन् ही जोडणारी बी माझीच मंडळी हाय!"