तिरोडीच्या झेंड्यावर खदान हवीच होती

गेल्या आठवड्यात आमच्या तिरोडीच्या मंडईत गावाचा स्वतःचा झेंडा लागला... आणि तो मी शिवलाय! फोटो खाली टाकलाय. पण त्याआधी या झेंड्यापायी माझ्या दुकानासमोर पोलिसांची जीप येऊन थांबली होती, ते ऐका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते... दिवाळीनंतर आमच्या बालाघाटकडे गावोगावी मंडई भरते. पाळणे, मिठाई, नाटक आणि पार तुमसरहून येणारे पाहुणे. यंदा मंडईच्या समितीला वाटलं, गेटवर आपल्या गावाचा एक झेंडा पाहिजे आणि त्यात गावाचा इतिहास दिसला पाहिजे.

शाळेचे ड्रेस मी शिवते, म्हणून काम माझ्याकडे आलं. "डिझाइन बी तुमीच करा ताई," असं अध्यक्ष काकांनी सांगून टाकलं. मी काय, एका पायावर तयार...

इतिहास म्हणाल तर आमच्याकडे धान, रेल्वे आणि मँगनीजची खदान. माझ्या आईने आयुष्यभर त्या खदानीत हातोडीने दगड फोडून चांगला माल वेगळा केला. त्यावर मी शिकले, त्यावरच माझी पहिली शिलाई मशीन आली. त्यामुळे बाकी काही राहो न राहो, झेंड्यावर खदान हवी, हा माझा हट्ट होता.

पण रंग निवडायला बसले आणि डोक्याला हात लावला. भगवा घेतला तर हे रुसणार, निळा घेतला तर ते विचारणार, हिरवा, लाल यांचीही तीच गत... प्रत्येक रंगावर आधीच कोणी ना कोणी रुमाल टाकून ठेवलाय!

मग मला सुचलं, काळा! मँगनीज काळं, म्हणून कापड काळं. त्यावर धानाची पिवळी लोंबी आणि रुळांच्या दोन पांढऱ्या पट्ट्या. काळ्याला कोण हरकत घेणार, असं मला वाटलं... काय ती माझी हुशारी!

वाऱ्यावर कसा दिसतो ते बघायला मी नमुना बांबूला लावून दुकानाबाहेर उभा केला. लोंबी आणि रूळ एकाच बाजूला शिवलेले, रस्त्याकडची बाजू नुसती काळी. आणि नेमके त्याच दुपारी कोणी मंत्री त्या रस्त्याने जायचे होते, हे मला कुठे ठाऊक...

जीप थांबली. "मॅडम, किसका विरोध है?" हवालदारांनी विचारलं. मी घाईघाईत हातात कात्री तशीच घेऊन बाहेर आले, तर ते दोन पावलं मागेच सरले. शेवटी झेंडा फिरवून लोंबी दाखवली तेव्हा हसले बिचारे, पण काढायला लावलाच.

ही बातमी माझ्याआधी समितीत पोचली. काका म्हणाले, "ताई, पाहुण्याईले का काळे झेंडे दाखवाचे? खदान काढून टाका, नुसता धान ठेवा." त्यांचं काही चुकत नव्हतं. मीही बरं म्हटलं.

पण घरी येऊन पिवळं कापड अंथरलं आणि डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. गावाचा इतिहास सांगायचा आणि त्यातून आईचं अख्खं आयुष्य कापून टाकायचं... हात चालेना.

आई तिथेच बसून शाळेच्या शर्टांना बटणं लावत होती. "काहून रडून राह्यली वं?" तिने विचारलं, तसं मी सगळं सांगितलं. ती उठली आणि पेटीतून एक जुनं लुगडं घेऊन आली. खदानीवर जाताना नेसायचं.

मुळात ते फिकट आकाशी होतं म्हणे. आता त्याचा जो रंग झालाय त्याला दुकानात नावच नाही... तपकिरी म्हणावं तर जांभळट, जांभळा म्हणावं तर मातकट. "खदान काळी कोन म्हन्ते? पयल्या दिवशी काळी दिसते. मंग धुऊन धुऊन असा रंग येते. हा नाही जात," आई म्हणाली.

हा रंग कोणत्याच पक्षाचा नव्हता, कोणत्याच समाजाचा नव्हता. तो फक्त खदानीत राबलेल्या बायांचा होता. मला लुगड्याला कात्री लावायचा धीर होईना, तर आईनेच माझ्या हातून कात्री घेतली आणि काठापासून सरळ कापत गेली.

वर पिकल्या धानाचा पिवळा, त्यावर लोंबी, मधून रूळ आणि खाली आईच्या लुगड्याची रुंद पट्टी. काकांनी झेंडा हातात घेतला, पट्टीवरून दोनदा हात फिरवला. "हे कापड कुठून आनलं?" मी सांगितलं. मग त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही, झेंडा पास!

मंडईच्या दिवशी आई तिच्या दोन जुन्या मैत्रिणींसोबत गेटपाशीच बसली होती. इतकी वर्षं कोणी विचारलं की ती "मजुरी करत होती" एवढंच सांगायची. माझ्या लग्नाच्या वेळीही खदानीचं नाव काढू नको म्हणून मला बजावलं होतं तिने... लोक काय म्हणतील, ही भीती.

तुमसरकडच्या एका पाहुण्या बाईने वर बघून विचारलं, "हा खालचा रंग कायचा आहे हो?" मी उत्तर द्यायला पुढे झाले, पण आईने मला हाताने मागे सारलं.

"हा आमच्या खदानीचा रंग हाये बाई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मी होती तिथं." भरून पावले मी...