दप्तरभाऊ आणि बोईसरचा बर्फ

दप्तरभाऊंना अनोळखी माणसाला प्रश्न विचारायची लाज वाटायची. ते नोकरीला होते आमच्या कंपनीच्या बाजार-पाहणी खात्यात, आणि त्या खात्याचं कामच मुळी अनोळखी माणसांना प्रश्न विचारण्याचं. म्हणजे ही लाज त्यांना परवडणारी नव्हती. पण भाऊंनी ती कित्येक वर्षं जपली, आणि कंपनीने त्याबद्दल त्यांना दरमहा पगारही दिला.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "कर्णिक, आपल्याला जे हवंय ते कुणीतरी कुठंतरी आधीच लिहून ठेवलंय. आपण जाऊन वाचायचं. लोकांची दुपारची झोप कशाला मोडायची?" मग ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जात, पंचायतीत जात, वाचनालयात जुने अंक चाळत. ज्या कागदावर बारा महिन्यांत कुणाची नजर पडली नसेल, तो कागद भाऊंना नेमका सापडे. कारकून मंडळी इतरांना हाकलत, भाऊंना चहा पाजत. आपण लिहिलेलं कुणीतरी वाचतंय, याचं त्या बिचाऱ्यांना केवढं अप्रूप!

तारापूरला वीज केंद्राचं काम जोरात चाललं होतं तेव्हाची गोष्ट. बोईसरच्या बाजूला जो तो जमीन बघत होता. आमच्या साहेबांच्याही मनात आलं की तिथे बर्फाचा मोठा कारखाना काढावा. सातपाटीला एवढी मासळी उतरते, बर्फ मात्र मुंबईहून भुशात बांधून आगगाडीने पालघरला येतो. आपण तो दाराशी दिला तर कोण नको म्हणेल? साहेबांचं ठरलं होतंच. त्यांना फक्त पाहणीचा अहवाल हवा होता, छान बांधलेला. त्यासाठी त्यांनी मला आणि भाऊंना पालघरला धाडलं. मी छापील फॉर्म घेऊन घरोघर फिरायचं आणि भाऊंनी जुने कागद जमवायचे.

मी नवा होतो, नोकरी कायम व्हायची होती, आणि मला भाऊंची कीव यायची. मी सातपाटीच्या उन्हात दारोदार हिंडत असताना हे गृहस्थ पार्सल ऑफिसात पंख्याखाली बसून वहीतल्या मासळीच्या पाट्या मोजत. संध्याकाळी लॉजवर आलो की विचारत, "काय म्हणतं गाव?"

"होय म्हणतं. सगळे होय म्हणतात."

"बर्फ हवा का असं विचारलंत तर होयच म्हणणार. कुठून घेणार हे विचारलंत का?"

ते फॉर्मात नव्हतं. फॉर्मात नसलेलं विचारायची मला परवानगी नव्हती आणि इच्छा तर त्याहून नव्हती.

चौथ्या दिवशी गेलो तर अर्ध्या गावाला कुलूप. घिवलीला कुणाचं तरी लग्न होतं आणि त्या घरांतले झाडून सगळे तिकडे गेले होते. दुसऱ्याच दिवशी, अहवाल लगेच हवा, अशी साहेबांची तार आली. मग मी जे केलं ते सांगतो. लॉजच्या खोलीत बसलो, मतदारांच्या यादीतून नावं घेतली आणि उरलेले फॉर्म स्वतःच भरले. सगळ्यांना बर्फ हवा होता. नावावरून म्हातारी वाटलेल्या एका बाईला तर मी दोन लाद्या लिहून दिल्या.

भाऊंनी तो गठ्ठा हातात घेतला, चार-सहा फॉर्म उलटले आणि चष्मा पुसला. "कर्णिक, अख्ख्या गावाचं एकमत फक्त मेलेल्या पुढाऱ्याबद्दल होतं," एवढंच म्हणाले, आणि गठ्ठा नीट रचून माझ्या उशाशी ठेवला.

भाऊंनी मात्र त्या आठवड्यात कामाची गोष्ट शोधून काढली होती. मच्छीमारांच्या सोसायटीच्या सभांची वही त्यांनी सचिवांकडून मागून वाचली. तिच्यात स्वच्छ लिहिलेलं होतं की सोसायटी स्वतःचा बर्फाचा कारखाना काढणार. ठराव झालेला, जागा धरलेली, कर्जाचा अर्जही गेलेला. ज्यांनी मला मोकळ्या मनाने होय म्हटलं होतं, त्यातल्या बऱ्याच जणांच्या सह्या त्या ठरावाखाली होत्या. ते खोटं बोलले नव्हते. बर्फ त्यांना हवाच होता. तो आमचाच हवा, असं कुणी म्हटलं नव्हतं.

पण भाऊही एकदा चुकले, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं. मुंबईला परतायच्या आदल्या दिवशी मनोरच्या आठवडे बाजाराच्या जागाभाड्याच्या पावत्या बघायला आम्ही एसटीने गेलो होतो. पंचायतीच्या ओट्यावर बसून भाऊंनी वही तपासली आणि टिपणात लिहिलं की मनोरला ओली मासळी विकायला कोणी बसत नाही. तेवढ्यात टेकायला म्हणून एक बाई पाटी उतरवून आमच्या शेजारी बसली. हिराबाई. सातपाटीची, चाळिशीची, आवाज खाडीच्या पार जाईल असा.

"काय लिवता दादा?"

भाऊंनी वाचून दाखवलं.

"कोन बसत नाय? आनि मी कोन हाय, भूत?" तिने पाटीवरचं फडकं बाजूला केलं. "दर बाजाराला येते. आमी साताठ जनी हाव. छपराखाली आमाला जागा नाय, म्हनून रस्त्याला बसतो. रस्त्याची पावती कोन फाडनार?"

भाऊंनी पाटीकडे पाहिलं. मग त्यांनी ती ओळ खोडली. कान लाल झालेले, घसा दोनदा खाकरला, आणि जन्मात पहिल्यांदा एका अनोळखी बाईला प्रश्न केला. "दुपारनंतर मासळीचं काय करता?"

"काय करनार? बर्फ नाय. उरली की पाड्यावरच्या बायकांना तांदळावर देते, नायतर फेकते."

परतीच्या एसटीत भाऊ तिच्या शेजारी बसले आणि प्रश्नामागून प्रश्न विचारत राहिले. कंडक्टर ओल्या पाटीवरून कुरकुरत होता, त्याच्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

मुंबईला सभा झाली. माझा अहवाल जाडजूड, रंगीत नकाशे, निळी बांधणी. भाऊंचं टिपण अडीच पानांचं: मोठा कारखाना काढू नये, सोसायटीचा येतो आहे, मनोरला बर्फ ठेवायची लहान खोली काढली तर चालेल, बायका घेतील. साहेबांनी ते दोन बोटांत धरलं.

"तुम्ही किती लोकांना भेटलात?"

"एका बाईला."

"आणि कर्णिक किती घरं फिरले?"

"ते कर्णिकांनाच विचारा," भाऊ म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. एखाद्याला दार उघडून द्यावं तसं पाहिलं.

"सगळं गाव, सर," मी म्हणालो.

मी कायम झालो. भाऊंची बदली माझगावच्या गोदामात झाली. "तिथे वाचायला काही नसतं," असं म्हणून त्यांनी राजीनामा दिला आणि पालघरला स्टेशनजवळ खोली घेऊन राहिले. एकटा माणूस, अर्ज लिहून देऊन पोट भरू लागला.

कारखाना उभा राहिला. उद्‌घाटनाला साहेबांनी बर्फाचा हंस करवला होता, भाषणं संपेपर्यंत त्याचं बदक झालं. सातपाटीची मंडळी सोसायटीचा बर्फ घेऊ लागली, आमच्याकडे कुणी फिरकेना. दुसऱ्या वर्षी कुलूप लागलं आणि चौकशी बसली. फॉर्म कुणी उघडले नाहीत. चौकशीत असं निघालं की उपलब्ध माहिती वेळेवर पुरवण्यात दप्तरभाऊ कमी पडले. सहीसाठी कागद माझ्याकडेही आला. मी सही केली.

सही केली आणि पुढच्या रविवारी पालघर गाठलं. भाऊ वाचनालयाच्या पायरीवर बसून कुणाचा तरी अर्ज लिहीत होते. मी सगळं सांगितलं, सहीसकट. ते हसले. "बरं झालं. मी तिथे नाहीच, मला काय लागणार? सही केली नसती तर तुम्ही मात्र अडचणीत आला असता." मग थोडं थांबून म्हणाले, "एक काम कराल? कारखान्याच्या जोडीने कंपनीने मनोरलाही बर्फाचं एका खोलीचं गोदाम बांधलं होतं. ते रिकामं पडलंय. बायकांना भाड्याने मिळवून द्या. सोसायटीतून लाद्या आणतील."

त्या कंपनीत मी जन्मभर साहेबांच्या हो ला हो म्हटलं, पण त्या गोदामासाठी तीनदा भांडलो. चौथ्यांदा साहेब कंटाळले आणि खोली मिळाली.

त्यानंतर मनोरला जाणं राहून गेलं. काही वर्षांनी गेलो तेव्हा बाजार ऐन भरात होता. खोलीच्या दाराशी हिराबाई लादीवर भुसा दाबत बसली होती.

"दादा गेले ना, दिवाळीच्या आधी," ती म्हणाली. "चार दिस ताप आला नि गेले. तुमचं नाव घ्यायचे. सांगायचे, खोली कर्णिकसायबांनी दिली."

इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेलं अखेर बाहेर आलं. "हिराबाई, खोली मी दिली, पण भाऊंची नोकरीही मीच घालवली. ते फॉर्म मी खोलीत बसून भरले होते."

तिचा हात थांबला नाही. "मालूम हाय. त्यात माजंबी नाव होतं ना? दादांनी तवाच एसटीत इचारलेलं मला. मी घिवलीला लग्नात नाचत होते, नि तुमच्या कागदावर मी दोन लाद्या मागितल्या!"

म्हणजे यादीतली ती माझी म्हातारी हीच. मी मान खाली घातली. हिराबाई मोठ्याने हसली, आजूबाजूच्या बायकांनी वळून पाहिलं. मग तिने पाटीतून दोन पापलेटं काढली, पानात बांधली आणि मुंबईपर्यंत टिकावीत म्हणून वर बर्फाचा एक खडा ठेवला.

"उभे काय उनात? बसा," ती म्हणाली.

मी बसलो.