गायींचा गोठा

शहापूरच्या आमच्या कम्प्युटर क्लासात ती जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायची. 'चालेल' हा शब्द तिला वर्ज्य होता; चहासुद्धा 'पायजे' किंवा 'नको'.

सरावाच्या डेअरीच्या प्रोग्राममध्ये मी गावं, गावांत गोठे, गोठ्यांत गायी अशी यादी केली. जनावरं मोजणाऱ्या मेथडला, म्हणजे प्रोग्रामच्या त्या तुकड्याला, ही यादी दिली, तर कम्प्युटर घेईना.

"गाय जनावरच ना?" मी चिडलो.

"गाय जनावर हाय. पण गायींचा गोठा जनावरांचा म्हटला, का उद्या त्यात कोणीपण रेडा आणून बांधील."

क्लासचे मालक मला म्हणाले, "गोठा कुणाचा, तो प्रकारच पुसून टाक. मग काहीही घेईल, प्रोग्राम चालेल."

ते स्वतःच पुसायला वाकले, तसा तिने कीबोर्ड उचलून मांडीवर घेतला. तिची नोकरी त्यांच्याच हातात होती.

"चालेल ना, सर. पण कुठं जाईल, ते नाय सांगता येणार."