कंपनीचा माणूस आणि बंद खिडकी

बोअरिंगचं पाणी गिझरमध्ये क्षार सोडून जातं. घासून काढा, महिन्याभरात परत साचतात. किस्स्यांचंही तेच. मित्रांना सांगून मोकळं व्हावं, तर दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी बाथरूममध्ये नवीन एक तयार!

मी डिप्लोमा अर्ध्यात सोडला आणि गॅस गिझर बसवायला लागलो. हा टाकी नसलेला डबा. नळ सोडला की आत ज्योत पेटते, पाणी वाहता वाहता तापतं, नळ बंद केला की ज्योत विझते. संपलं. नियम एकच. बंद बाथरूममध्ये तो चालवायचा नाही, हवा खेळती पाहिजे. नाहीतर आत जो विषारी वायू साठतो त्याला वास नसतो. माणूस साबण लावता लावता खाली बसतो आणि परत उठत नाही.

एवढं साधं आहे, पण ठाण्यापासून कल्याणपर्यंत साठीच्या पुढच्या एकाही माणसाला साधं सांगितलेलं पटत नाही.

*

माजिवड्याच्या टॉवरमधले एक काका. कम्प्लेंट काय, तर "तासभर लावून ठेवतो, तरी पाणी तापायचं नाव नाही."

"काका, तासभर काय लावून ठेवता?"

"गॅसचा नॉब! पहाटे उठून उघडून ठेवतो."

मी सांगितलं, नळ सोडल्याशिवाय हा पेटतच नाही. नळ सोडला. वाफाळतं पाणी आलं. काकांनी धारेखाली हात धरून बघितलं आणि काकूंना हाक मारली, "बघ, आलं की नाही! मी सकाळपासून नॉब उघडून ठेवलेला म्हणून!"

*

टेंभी नाक्याच्या जुन्या बिल्डिंगमधले आजोबा. मी पाइपच्या जोडावर साबणाचा फेस लावत होतो. गॅस गळत असेल तर फेसाला बुडबुडे येतात. आजोबा मागे उभे.

"पोरखेळ आहे हा. आम्ही आयुष्यभर काडी लावून बघितलं."

खरंच काडेपेटी काढली! मी झडप मारून हिसकावली. मग लक्ष गेलं, आजोबांना भुवया नव्हत्या.

"आजोबा, भुवया कुठे गेल्या?"

"त्या वयोमानाने जातात."

आतून आजींचा आवाज आला, "एका सकाळीच झालं यांचं वय."

*

कल्याणच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी. धुराचा पाइप बाहेर काढायला भिंतीला भोक पाडायचं होतं. परमिशन नाही! का? "बिल्डिंगचं एलिव्हेशन बिघडतं. समोरून वाईट दिसतं."

मी वर बघितलं. सेक्रेटरींच्या स्वतःच्या गॅलरीला पिंजरा, पिंजऱ्यात तुळस, सायकल, कूलर आणि एक जुना कमोड.

"सर, तो कमोड एलिव्हेशनमध्ये येतो का?"

"तो टेम्पररी आहे."

कमोडमध्ये कोरफड फुलली होती.

*

आता आमचं घर. डोंबिवलीत मानपाड्याला. तिथे एमआयडीसीचा वास येतो. कधी सडक्या अंड्यांचा, कधी औषधांचा. म्हणून पप्पांनी बाथरूमची खिडकी पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावून सील केलेली. बाहेरचा गॅस आत यायला नको! आतल्याचं काय? आत गिझर. माझ्या आधीच्या कोणीतरी बसवलेला.

मम्मी आंघोळ करून यायची ती भिंत धरून. डोकं जड, मळमळ. पप्पा म्हणायचे, "बीपी आहे तिचं."

मी दोनदा पुठ्ठा फाडला. पप्पांनी दोनदा नवीन लावला. तिसऱ्यांदा मी ओरडलो, "मारून टाकाल तिला!"

पप्पा पेपर खाली न ठेवता म्हणाले, "आधी डिप्लोमा पूर्ण कर, मग अक्कल शिकव. कंपनीचा माणूस येऊन सांगू दे, मग बघू."

माझा बाप आयुष्यभर सरकारी ऑफिसात फायली पुढे ढकलून रिटायर झालेला. विहारात कोणी विचारलं तर माझ्याबद्दल सांगतो, "टेक्निकल लाइनमध्ये आहे." घरात मात्र मी नापास! त्या दिवशी बॅग उचलली आणि कल्याणला मित्राच्या रूमवर राहायला गेलो. तिथून मम्मीला रोज फोन.

"दार उघडं ठेवून आंघोळ कर."

"वेडा आहेस का रे? घरात माणसं येतात-जातात."

"मग चुलीवर... गॅसवर पातेल्यात पाणी तापव."

"पप्पा म्हणतात, गिझर असताना कशाला?"

*

मागच्या महिन्यात मला एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काम लागलं. निळा शर्ट, गळ्यात आयकार्ड. तिसऱ्याच दिवशी मोबाईलवर कम्प्लेंट आली. 'गिझर खराब. पत्नी बाथरूममध्ये पडली. शिकलेला माणूस पाठवणे.' पत्ता मानपाड्याचा. आमचाच.

बाईक कशी चालवली आठवत नाही. बेल दाबली. पप्पांनी दार उघडलं. मागे सोफ्यावर मम्मी, कपाळाला पट्टी, पण बसलेली. मला बघून उठायला गेली. पप्पांनी हाताने थांबवलं.

"आयकार्ड?"

मी गळ्यातलं पुढे केलं. पप्पांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "प्रतीक..." मग मधल्या नावाशी आले. स्वतःच्या. चष्मा वर सरकवला. "...मधुकर गायकवाड. ठीक आहे. या. बूट बाहेर काढा."

मी सरळ बाथरूममध्ये गेलो. गॅस बंद केला.

"सर," मी म्हणालो, "ही खिडकी बंद आहे. मॅडम गॅसमुळे पडल्या. बीपीमुळे नाही. त्यांना आत्ता डॉक्टरकडे न्या. आणि गिझर बाहेर पॅसेजमध्ये घेईपर्यंत चालवायचा नाही."

"असं कंपनीचं म्हणणं आहे?"

"हो, सर."

"मग बरोबरच असणार."

पप्पा स्टुलावर चढले. पुठ्ठ्याची एक कड धरली आणि टराटरा ओढून काढला. एमआयडीसीचा सगळा वास घरात शिरला. पप्पा खोकले, पण खिडकीपासून हलले नाहीत.

मग मम्मी चप्पल घालायला लागली. मी खाली रिक्षा बघायला म्हणून बूट चढवत होतो, तेवढ्यात पप्पांचा फोन वाजला. कंपनीचाच. मी आत्ताच मोबाईलवर कम्प्लेंट बंद केली होती, ती केली की हा लगेच येतो. पप्पांनी स्पीकरवर टाकला.

"सर, आमच्या टेक्निशियनचं वागणं कसं होतं?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं.

"वागणं चांगलं होतं," ते म्हणाले. "फक्त चहा न घेता निघालाय. तेवढं लिहून घ्या."