बाय, बस गाडीवर

डॉक्टर म्हणाले, रोज चाला. भरभर, घाम येईपर्यंत आणि मध्ये न थांबता. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासू, साखर उतरली तर ठीक, नाहीतर गोळी. आणि गोळी एकदा सुरू झाली की बहुतेक जन्माची. एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. सांगणाऱ्याचं काय जातं.

माझी आई साखरेनंच गेली. शेवटी शेवटी तिला दिसत नव्हतं, मोरीपर्यंत मीच हाताला धरून न्यायची. माझी मुलगी आता दुसरीत आहे. तिच्यावर ती पाळी येऊ द्यायची नाही, एवढं एकच त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना माझ्या डोक्यात होतं. घरी येताना बूट घेतले, चांगले महागातले.

पण चालायचं कधी? आम्ही जव्हारला राहतो आणि माझी शाळा मोखाड्याच्या पुढे, पोशेऱ्याकडच्या एका पाड्यात. सकाळी नळाला पाणी येतं तेवढ्यात भरून घ्यायचं, दोन डबे करायचे, मुलीची वेणी घालायची, तिचा हरवलेला मोजा शोधायचा आणि एसटी पकडायची. संध्याकाळी परत येते तेव्हा पायात त्राण नसतं. तरी दोनदा गेले संध्याकाळी. पहिल्या दिवशी बाजारात ओळखीच्या बाईंनी अडवलं, "मॅडम, एकट्याच? सगळं बरंय ना घरी?" दुसऱ्या दिवशी केंद्रशाळेतून फोन आला, पोषण आहाराचे फोटो आत्ताच्या आत्ता पाठवा. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रेंज शोधत फोटो पाठवले आणि घरी आले. तोवर मुलगी बिस्किटं खाऊन झोपली होती.

नवऱ्याचं वेगळंच. तो कचेरीत कारकून आहे. रोज पहाटे उठून हनुमान पॉइंटपर्यंत फिरून येतो, चार मित्र भेटतात, चहा होतो. त्याला कधी कोणी विचारलं नाही की बाबा रे, तू एकटा कसा. "तूही ये की माझ्याबरोबर," तो म्हणाला. मग डबा कोण करणार, विचारलं, तर म्हणाला, "त्याचं काहीतरी बघू." ते काहीतरी अजून बघतोच आहे.

शेवटी मीच डोकं लढवलं. एसटी मला पाड्याच्या तोंडाशी सोडते. त्याऐवजी अलीकडच्या फाट्यावर उतरायचं आणि तिथून चढाच्या रस्त्यानं शाळेपर्यंत चालायचं. शाळेच्या वेळेआधी हाताशी थोडा वेळ असतो, तो एरवी कुलूप उघडून बसण्यातच जायचा. मला स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली. घरात कुणाला काही मागायचं नाही, कुणाचा डबा चुकवायचा नाही.

पहिल्याच दिवशी मागून मोटारसायकल आली आणि थांबली. तिसरीतल्या एका मुलीचा बाप होता. "बाय, गाडी चुकली का? बस." आमच्या पाड्यावर तुम्ही-आम्ही नाही, देवालाही तू आणि बाईलाही तू. मला ते आवडतं. मी म्हटलं, "नाही दादा, मी चालत येते." तो जाईना. "एवढा चढ आहे, बस ना." मी म्हटलं, मला चालायचंच आहे. "कशाला?" आता काय सांगणार. म्हटलं, व्यायाम. तो हसला. मी मुलांची पीटी घेते ते त्यानं पाहिलेलं होतं, त्याला वाटलं मी गंमत करते आहे. तो गाडी बंद न करता माझ्या बरोबरीनं हळूहळू चालवत राहिला, अर्धा रस्ता. मला ना धड चालता आलं, ना बोलता.

मग हे रोजचंच झालं. कधी तो, कधी दुधाचे कॅन नेणारा, कधी भाड्याची जीप, तीही आधीच भरलेली. आमच्याकडे रस्त्यानं चालणाऱ्या माणसाला गाडीवर घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत, तशी रीतच नाही. चालणारा म्हणजे ज्याला गाडी मिळाली नाही तो. मुद्दाम चालणारा माणूस इथं कुणी पाहिलेला नाही, कारण पाणी, लाकडं, बाजार, सगळ्यासाठी लोक जन्मभर चालतच आलेत. मी नको म्हणत राहिले. हसून, हात जोडून, कधी कधी चिडूनसुद्धा.

दोन आठवड्यांनी त्या मुलीची आई शाळेत आली. खळ्यावर नाचणी झोडून तशीच आली होती, केसांत भुसा. दारातच उभी राहिली, आत येईना. म्हणाली, "बाय, आमच्या माणसाच्या गाडीवर तू बसत नाहीस. आमचं काय चुकलं?"

माझ्या आधी इथं जे गुरुजी होते ते पाड्यावर कुणाच्या घरचं पाणी पीत नसत. लोक अजून सांगतात. मला त्या रांगेत बसवलं होतं, आणि तेही माझ्या बुटांपायी. मी तिला हाताला धरून आत आणलं, बसवलं आणि खरं ते सांगून टाकलं. मला साखरेचा आजार लागतोय, म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, गाडीवर बसले तर माझं नुकसान होईल. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली. जाताना माझ्या गालावरून हात फिरवून गेली. मला वाटलं, सुटले.

दुसऱ्या दिवशी एसटीतून फाट्यावर उतरले तर तो माणूस माझ्या आधीच तिथं उभा. मोटारसायकलच्या सीटवर टॉवेल घडी करून घातलेला. "घरी बोलली ती," तो म्हणाला. "आजारी आहेस तू. आजाऱ्याला कुणी चालवतं का? बस." मी परत सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तो ऐकत होता आणि टॉवेल सरळ करत होता. त्याच्या लेखी डॉक्टर काहीतरी चुकत होता किंवा मला नीट ऐकू आलं नव्हतं. आजारी माणसानं पडून राहायचं असतं, हे सगळ्या जगाला माहीत आहे. मी बसले. काय करणार होते?

तिथून पुढे तो रोज आला. ज्या दिवशी त्याला जमलं नाही त्या दिवशी दुसरा कोणीतरी आला. मी फाट्याच्या आधीच उतरून पाहिलं, तर तिथून उचललं. शाळेत फळ्यापाशी खुर्ची आणून ठेवली गेली, मुलं मला उभी राहू देईनात. चालण्याआधी मी वर्गात निदान येरझाऱ्या तरी घालत होते, आता तेही गेलं. मला इतका राग यायचा, पण तो काढू कुणावर? वाईट वागणाऱ्यावर ओरडता येतं. इथं वरईच्या भाकरीत माझ्यासाठी गूळ घातला नाही, हे कौतुकानं सांगणाऱ्या बायका होत्या. रात्री नवऱ्यावर ओरडले. तो म्हणाला, "लोक जीव लावतात, तुला त्याचाही त्रास." मी ताट आपटलं.

तीन महिने झाले. रिपोर्ट आला तो आधीपेक्षा वाईट. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं.

"चालत नव्हतात ना?"

"नाही."

"वेळ मिळत नाही, हेच ना? सगळे तेच सांगतात."

मी म्हटलं, हो, तेच. बाकीचं त्यांना सांगायला मला परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि बाहेर रांग होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्याशी उभी राहून पहिली गोळी घेतली. मुलगी कंगवा घेऊन मागे उभी होती, वेणीसाठी. तिनं पाकीट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. ताप आहे का, विचारलं. मी नाही म्हटलं. मग रोज घ्यायची का, विचारलं. मी हो म्हटलं. तिनं पाकीट परत जागेवर ठेवलं आणि अगदी सहज, शाळेचा वरचा वर्ग कधी लागणार ते विचारावं तसं म्हणाली, "मग माझी कधीपासून?"

मी तिला खसकन ओढून पुढे बसवलं आणि वेणी घालायला लागले. इतकी घट्ट घातली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तरी माझे हात सैल होईनात.