कोऱ्या फळ्याचा पाठ

ती यंदाच्या उन्हाळ्यात गेली. सिन्नर तालुक्यात ती शिकवायची त्या शाळेत शोकसभा झाली, तिथे सगळे बोलले. मला जमलं नाही. त्या दिवशी जे सांगायचं होतं ते आता सावकाश लिहिते आहे.

सकाळी बी.एड. आणि संध्याकाळी नाट्यशास्त्र, असं दोन्ही एकदम करणाऱ्या आमच्या वर्षात आम्ही दोघीच होतो. मी नाशिक रोडच्या सरकारी वसाहतीतली, पुस्तकांत वाढलेली. ती मखमलाबादच्या पुढच्या मळ्यातली. पहाटे घरच्यांबरोबर मेथीच्या जुड्या बांधून ती कॉलेजला यायची, आणि पहिल्या तासाला तिच्या ओढणीला तो हिरवा वास असायचा.

दोन्हीकडचे धडे एकमेकांशी भांडायचे. सकाळी सांगत, वर्ग क्षणभरही गप्प राहता कामा नये; एकाला उत्तर आलं नाही तर लगेच दुसऱ्याला विचारा. संध्याकाळी सांगत, थांबायला शिका, समोरच्याचं बोलणं त्याच्या आत तयार होऊ द्या. सकाळी फळ्यावर भरपूर लिहायला लावत, संध्याकाळी प्रेक्षकांकडे पाठ केली की ओरडा बसे. यावर तिने तोडगा काढला होता. ती फळ्यापाशी तिरकी उभी राहायची आणि तोंड मुलांकडे ठेवून लिहायची. ओळी वर वर चढत जायच्या. आमच्या मार्गदर्शक बाई एकदा म्हणाल्या, "अहो, ही ओळ सप्तशृंगीला निघाली का?"

पाठाच्या टाचणात 'अपेक्षित उत्तर' असा रकाना असे. मुलं काय बोलणार, ते आम्ही आदल्या दिवशीच लिहून ठेवायचं. ती वैतागायची. "नाटकात निदान समोरच्याला त्याचे संवाद पाठ करायला देतात गं. इथं पोरांना पत्ताच नाय."

घरी तिची वडिलांशी बोली झाली होती. बी.एड.च्या पहिल्या वर्षाला पहिला वर्ग मिळाला तर नाटक चालू राहील. नाही तर संध्याकाळी मुकाट घरी यायचं. वडील दुष्ट नव्हते. तालमीनंतर शेवटची बस आणि पुढे मळ्यापर्यंतची अंधारी वाट, याची त्यांना काळजी होती. लेखी परीक्षेत तिचे गुण बेताचेच होते. म्हणून सगळी मदार परीक्षकांसमोर घ्यायच्या वार्षिक पाठावर होती, आणि दुसऱ्या वर्षाच्या नाटकात मुख्य भूमिका तिला मिळालेली होती.

पाठ होता नागरिकशास्त्राचा, सातवीला, विषय ग्रामसभा. बाहेरून आलेले परीक्षक मागे बसले, त्यांच्या शेजारच्या बाकावर मी. तिने फळ्यावर फक्त 'ग्रामसभा' असं लिहिलं आणि वर्गाचीच सभा भरवली. एका चुणचुणीत मुलाला सरपंच केलं.

"बोला, पटापट बोला," तो टेबलामागून म्हणाला, "सरपंचांना लग्नाला जायचंय."

वर्ग हसला. मग ती शेवटच्या बाकावरच्या मुलीकडे वळली. सरावपाठांच्या दिवसांत ही मुलगी आमच्यापैकी कुणाशीही एक शब्द बोलली नव्हती.

"ताई, तुमची काय तक्रार हाय?"

मुलगी नुसती उभी राहिली. पुढच्या बाकावरून एकाने हात वर केला. "मॅडम, ती बोलतच नाय. मला विचारा ना."

"दम धरा, पाटील. आता ताईंची पाळी."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. मी मनात म्हणत होते, विचार दुसऱ्याला, अजून मूल्यमापन राहिलंय, गृहपाठ राहिलाय. ती हलली नाही. चेहऱ्यावर घाई नाही, आग्रह नाही. जणू खरंच गावातली एक बाई दुसरीचं ऐकायला थांबली होती.

"नळ हाय," मुलगी शेवटी म्हणाली. "पाणी नाय."

"अर्ज द्या," सरपंच रुबाबात म्हणाला.

"दिला व्हता. तुम्ही त्याच्यावर भजी खाल्ली."

सगळा वर्ग उसळला. सरपंचसुद्धा हसत खाली बसला. मग प्रत्येकाला तक्रार सुचू लागली, आणि त्या गोंगाटातच घंटा झाली.

"खेळ छान झाला," परीक्षक म्हणाले. "पण फळा कोरा, मूल्यमापन नाही, गृहपाठ नाही. पाठ कुठाय?"

"बरोबर आहे, सर," ती म्हणाली.

बसस्टॉपवर मी तिच्यावर चिडले. "दुसऱ्याला विचारायचं होतंस! तुझं नाटक गेलं आता."

"अगं, तिचे ओठ हलत होते. तेवढ्यात कसं दुसऱ्याला विचारू?"

पहिला वर्ग थोडक्यात हुकला. वडील एवढंच म्हणाले, "बोली झाली होती ना?" ती म्हणाली, "झाली होती, नाना." त्या मुलीची गोष्ट तिने घरी सांगितलीच नाही. सांगितली असती तर ते विरघळले असते, असं मी म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "मग मी तिच्या बोलण्याचं भाडं वसूल केल्यासारखं झालं असतं." असा विचार मला कोणत्याही पुस्तकात सापडला नसता.

तिची भूमिका मला देण्यात आली. माझ्यात तेवढा दम नव्हता, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मधल्या सुट्टीत कॅन्टीनमागे ती मला रोज तालीम द्यायची. कुठे श्वास घ्यायचा, कुठे नजर खाली जायची, सगळं. "ए पुस्तकी, रडू नकोस," ती म्हणायची, "रडू दाबायचा प्रयत्न कर. ते बघायला लोक येतात." तिच्या आवाजात कडवटपणा शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला.

घरी विचारून प्रयोगाला ती आली, पण शेवटची बस चुकू नये म्हणून शेवटच्या प्रवेशाआधी उठून गेली. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाआधी तिने मला जिन्यातच गाठलं.

"शेवट कसा झाला? सांग."

"तुला माहीत नाही का? तूच तर बसवलास."

"तू कसा केलास ते कुठं माहीत हाय?"

मी सांगायला लागले. ती पायरीवर बसली, दप्तर मांडीवर घेऊन, हनुवटी त्यावर टेकून. मध्येच तास सुरू झाल्याची घंटा वाजली. मी थांबले, तेव्हा तिने हाताने खूण केली, तू बोल. ज्यातला प्रत्येक शब्द तिला पाठ होता तो प्रवेश ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकत राहिली.